तेरीज जुळत नाही तेव्हा

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या अकरावी-बारावी कॉमर्सच्या मुलामुलींबरोबर हिशेबाचा गृहपाठ सोडवायला बसतो. सुरुवात केली तेव्हा मला नावे आणि जमा यातलं काही धड येत नव्हतं. त्यांच्याच पुस्तकातून शिकलो.

गेल्या महिन्यात एका मुलानं दहा व्यवहारांची रोजकीर्द आणली. सगळ्या नोंदी बरोबर. मी विचारलं, "मालकानं घरखर्चासाठी गल्ल्यातून ३,००० रुपये नेले, यात उचल खातं नावे का?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "फोननं सांगितलं, सर." मी रागावलो नाही. नोकरीत मीही दुसऱ्यांचा कोड घेतो. पण तो बिघडला की मलाच निस्तरावा लागतो, आणि परीक्षेत तर फोन बाहेर ठेवावा लागतो.

रीत अवघड नाही. व्यवहार वाचला की आधी विचारायचं, यात कोणती दोन खाती हलली? मग खातं कसलं ते बघायचं. माणसाचं असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वस्तू किंवा रोकड असेल तर येणारी नावे, जाणारी जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. वरच्या व्यवहारात मालक घेतो, रोकड जाते. झालं. तेरीज जुळली नाही तर फरकाचं निम्मं करा. ४,००० चा फरक असेल तर २,००० ची रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते शोधा. फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर ५४० च्या जागी ४५० लिहिलंय का बघा. (जमा, बाकी, वसूल हे शब्द मूळचे अरबी. मुलांना हे सांगितलं की उगाच खूश होतात.)

मालक वेगळा आणि धंदा वेगळा, हे मला कळलं तेव्हा माझे अब्बा आठवले. उद्यमनगरात त्यांचा लेथ होता. खिसा एकच. कामाचे पैसे त्यातच आणि घरचं दूधही त्यातूनच. लेथ १,१०,००० ला घेतलेला. दहा वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात १०,००० येतील असं धरलं, तर दरसाल १०,००० घसारा. बारावीच्या पोराचं दोन मिनिटांचं गणित. पण घसाऱ्याचे पैसे कुणी मागायला येत नाही, म्हणून अब्बांना तो सगळा नफाच वाटायचा. मशीन थकलं तेव्हा नवं घ्यायला काही नव्हतं. अब्बा दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला लागले. त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला होतो, गणितात पहिला. मी त्यांची वही एकदाही उघडली नव्हती.

व्याजाचं प्रकरण आलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "व्याज हराम, म्हणून मी ते ऑप्शनला टाकलंय." मी म्हटलं, घ्यायचं की नाही ते तू ठरव, पण मोजता तर आलं पाहिजे. कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असंच सांगते.

त्यावर मागे बसलेली मुलगी बोलली. तिच्या अम्मीनं शिलाईच्या कामासाठी ५०,००० कर्ज घेतलंय. १२ टक्के, दोन वर्षं, हप्ता २,५८३. आम्ही फळ्यावर मांडलं. पूर्ण रकमेवर दोन वर्षांचं व्याज १२,०००. पण अम्मी तर दर महिन्याला मुद्दलही फेडतेय. उरलेल्या मुद्दलावरच १२ टक्के लावले तर हप्ता २,३५४ च्या आसपास येतो आणि एकूण व्याज ६,५०० च्याही आत. म्हणजे त्या हप्त्यात खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात आहे. कागदावर मात्र बारा.

वर्ग शांत झाला. मुलगी म्हणाली, "सर, हे अम्मीला कसं सांगू? ती म्हणते, कर्ज देणारा माणूस फार चांगला आहे."

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी ती हप्त्यांचं कार्ड घेऊन आली. १४ हप्ते बाकी होते. आत्ता सगळं फेडलं तर किती द्यावं लागेल, ते काढायला आम्ही बसलो. ऑप्शनवाला मुलगा वही घेऊन तिच्या बाकाजवळ सरकला.