जळगाव ते उधना, ओट्यावरून

 वर्षभरात व्यायामोपचाराच्या क्षेत्रात काय घडलं याचा आढावा अध्यक्षीय भाषणात घेण्याची प्रथा आहे. तो छापून प्रत्येकाच्या हाती दिला आहे. प्रस्तुत वक्त्याने तीस वर्षं एक गोष्ट मनात धरून ठेवली होती, ती आज सुरतेतल्या डिंडोलीत, आपल्या माणसांसमोर बोलायची आहे.

विसर पडू लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचे आपण दोन तुकडे केले आहेत. गुडघे आणि तोल आपल्याकडे, डोकं दुसऱ्या खोलीतल्या तज्ज्ञाकडे. इकडे सायकल मारायची, तिकडे कागदावरची चित्रं जुळवायची. घरी गेल्यावर सून विचारते, बाबांनी नेमकं करायचं काय? तिच्या हातात दोन कागद असतात आणि बाबा दोन्ही विसरलेले असतात.

डिंडोली, उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतला म्हातारा कोण आहे ते पाहावं. धुळे, नंदुरबार, जळगावकडून तो ताप्ती लाइनच्या गाडीने आला आणि लूमवर लागला. बारा तासांची पाळी, मागांच्या दोन रांगांमधून येरझारा, डोळे तारांवर, कान आवाजावर. कुठला माग कशाने थांबला, कुठली बॉबिन संपत आली, हे चालता चालता ओळखायचं, तुटलेला तार सांधायचा आणि पुढे सरकायचं. पाय आणि मेंदू एकत्र राबत होते. काम सुटलं त्या दिवशी दोन्ही एकदम खाटेवर बसले.

वर मागांच्या खडखडाटाने कानही गेलेले. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची, काही उपाय करता येईल अशी, १४ कारणं मोजली. ऐकू न येणं, हालचाल कमी असणं आणि शिक्षण कमी मिळणं ही त्यांतलीच. आपल्या वस्तीत तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात. आणि अशा माणसाला आपण विचारतो, शंभरातून सात वजा करा!

शाळेची पायरी न चढलेले एक बाबा या प्रश्नावर मान खाली घालून बसले होते. चौऱ्याहत्तरी गाठलेली, सगळा जन्म लूमवर गेलेला. सुनेचा चेहरा पडला. मग वक्त्याने विचारलं, "बाबा, जळगावहून गाडी सुटली. आता कुठलं स्टेशन?" मान वर आली. धरणगाव, अमळनेर... पुढे अडले. तेव्हा त्यांना उभं केलं, सून बाजूला, हात भिंतीला, आणि दर पावलाला एक स्टेशन. अमळनेरनंतर बराच वेळ पाऊल हवेतच. मग "शिंदखेडा!" म्हणून ते खाली टेकलं. दोंडाईचा. "नंदुरबार उनं!" असं ते ओरडले तेव्हा बाकावरचे रुग्णसुद्धा हसले. नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली, चलथाण, उधना. पुढच्या आठवड्यापासून तेच उलटं, उधन्याहून जळगाव, घराच्या ओट्यावर, रोज दोनदा. आजार गेला नाही. तसं सांगणं खोटं ठरेल. पण तीन महिन्यांनी ते सुनेच्या आधाराशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणत होते आणि उरलेले पैसे मोजून घेत होते.

आपल्या बैठकांत वाद रंगतो, शरीराचे आणि मेंदूचे व्यायाम एकाच वेळी द्यावेत की पाठोपाठ? कॅनडातल्या १७५ जणांच्या अभ्यासात, २०२३ साली, सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे व्यायाम दिला. त्याला मेंदूच्या सरावाची जोड मिळाली तेव्हा चाचणीत सुधारणा दिसली. काहींना सोबत दिलेल्या ड जीवनसत्त्वाने काही भर पडली नाही. तिथे सराव आधी आणि व्यायाम नंतर होता, पण बैठक एकच. जपानात पावलं टाकत आकडे मोजतात आणि तिनाच्या पटीला टाळी वाजवतात. ज्याला जे झेपेल ते द्यावं. वक्त्याचा आग्रह एवढाच, की माणूस एक आहे, तर खोलीही एकच हवी.

घाई मात्र नको. सुरुवातीच्या काळात वक्त्याने एका आजींना चालताना नातवंडांची नावं घ्यायला लावली. तिसऱ्या नावाला त्या थबकल्या, वळल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. चूक वक्त्याची होती. बोलताना चालणं थांबवणारा माणूस पडण्याची शक्यता जास्त, हे स्वीडनमधल्या वृद्धांवरच्या अभ्यासातून १९९७ सालीच छापून आलं होतं. वाचलं असतं तर आजींना आधी खुर्चीवर बसवून सुरुवात केली असती.

खानदेशातल्या बायकांना हातपाय आणि डोकं एकत्र चालवणं शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती. जात्याचा खुंटा फिरवता फिरवता ओवी रचायची, भुलाबाईच्या गाण्यात कडव्यामागून कडवं आठवत फेर धरायचा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हत्या, तरी त्यांची कविता शेतात आणि घरात राबता राबता झाली. आता जातं गेलं. ओवी ज्यांच्या तोंडी होती त्या आजी टीव्हीसमोर गप्प बसल्या आहेत, आणि आपण त्यांच्या हाती मोबाईलवरचा खेळ देतो, तोही इंग्रजीत. या गोष्टीचं वाईट वाटतं. रागही येतो.

अहिराणीत आणि मराठीत, घरच्या माणसाला वाचून दाखवता येईल अशी व्यायामाची एक वही काढायची आहे. सुनांसाठी शिबिरं घ्यायची आहेत. कधी, कशी, ते कार्यकारिणी बसून ठरवील.

आता चहाच्या आधी दहा मिनिटं. आज चार आजी आल्या आहेत, त्या भुलाबाईचं गाणं म्हणणार आहेत. ज्यांचा तोल पक्का नाही त्यांनी बसूनच टाळी धरावी. बाकीच्यांनी खुर्च्या भिंतीला टेकवाव्यात आणि मध्ये जागा करून द्यावी.