मालकी नगराची, निर्णय कोणाचा?



वीज कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. मुंबईची बेस्ट १९४७ साली महापालिकेच्या ताब्यात आली, तेव्हापासून तो महाराष्ट्राच्याही परिचयाचा आहे. परंतु मालकी सार्वजनिक झाल्यावर तिचा विनियोग कशासाठी व्हावा आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. जर्मनीतील म्युनिक नगराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो.

तेथे वीज व पाणी पुरविणारी ‘श्टाटवेर्के’ ही कंपनी संपूर्णपणे नगराच्या मालकीची आहे. भुयारी रेल्वे आणि सार्वजनिक जलतरण तलावही तीच चालविते. वीजव्यवसायाच्या उत्पन्नाचा या सेवांना आधार मिळतो. २००९ च्या सुमारास या कंपनीने संकल्प केला, की २०२५ पर्यंत शहराला लागेल तेवढी वीज स्वतःच्या अक्षय ऊर्जाप्रकल्पांतून निर्माण करावयाची. शहराच्या हद्दीत एवढी वीज निर्माण होणे शक्य नव्हते. म्हणून वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या ५७६ मेगावॅटच्या ग्विंट इ मोर पवनप्रकल्पात तिने ३० टक्के, तर उत्तर समुद्रातील २८८ मेगावॅटच्या डानटिस्क प्रकल्पात ४९ टक्के भाग घेतला. ही वीज थेट म्युनिकच्या घरांत पोहोचत नाही. ती त्या त्या देशाच्या जाळ्यात मिसळते आणि मेळ हिशेबाच्या वहीत घातला जातो.

मात्र समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहत असताना शहरातील औष्णिक केंद्रात कोळसा जळतच होता. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी नागरिकांनी सार्वमत घडवून आणले आणि ६० टक्के मतदारांनी २०२२ पर्यंत तो बंद करण्याचा कौल दिला. सत्तेवरील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष या मागणीच्या विरोधात होता, हे समाजवाद्यांनी विसरू नये. वीजपुरवठ्याच्या सुरक्षिततेचे कारण पुढे आले, मुदत टळली आणि कोळसा थांबण्यास २०२४ साल उजाडले. तरीही तो थांबला. खाजगी कंपनीच्या भागधारकांपुढे नागरिकांना असा ठराव मांडताच आला नसता.

सार्वजनिक मालकीने हा अधिकार दिला. तो बजावण्यासाठी मात्र संघटित नागरिक लागले. म्हणून नगराची वीज कोणत्या इंधनापासून येते, कोणत्या कराराने येते आणि त्या कराराला कोणाची संमती आहे, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रभागसभेत विचारले पाहिजेत.