आधी मोजलं, मग रंगवलं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर तुम्हाला दहा जण सांगतील, मला मोटारसायकलवर बोलू द्या. सकाळी आत येताना मी बाहेरच्या गाड्या पाहिल्या. दर चार-पाच गाड्यांमागे एकीचं काही ना काही बदललेलं आहे. कुणाचा सायलेन्सर, कुणाचं हँडल, दोघांची तर चाकंच. म्हणजे विषय दारातच उभा आहे.

मी कोल्हापूरचा. इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. पहिल्या दोन वर्षांच्या बचतीतून जुनी यामाहा आर१५ घेतली. २००८ साली ही गाडी भारतात आली, तेव्हा दीडशे सीसीत पाण्याने थंड होणारं, चार व्हॉल्व्हचं, सहा गिअरचं इंजिन म्हणजे नवलच होतं. माझी २०११ नंतरची, दुसऱ्या आवृत्तीची. १४९ सीसी, १७ पीएस, मागे १३०/७०-१७ चा टायर. गाडी उत्तम होती. पण उत्तम गाडी हातात आली की ती आणखी उत्तम करायची खाज सुटते. त्यातून मी इंजिनिअर, आणि गाव कोल्हापूर. आमच्या शिवाजी उद्यमनगरात हातात नमुना घेऊन गेलात तर संध्याकाळपर्यंत तो भाग लोखंडात किंवा अॅल्युमिनियममध्ये बनवून मिळतो.

मी चाकापासून सुरुवात केली. मला मागचं चाक रुंद हवं होतं. हिशोब केला. १३०/७०-१७ या टायरचा व्यास साधारण ६१४ मिलिमीटर भरतो, १५०/६०-१७ चा ६१२. उंची जवळपास तेवढीच आणि रुंदी वीस मिलिमीटर जास्त. कागदावर मामला एकदम सोपा दिसला. त्यासाठी चार इंची रिम लागते, म्हणून दुसऱ्या गाडीचं जुनं अलॉय व्हील मिळवलं. ते आपल्या स्विंगआर्ममध्ये बसवायचं तर हबची रुंदी जुळवायची, स्प्रॉकेट आणि चेन एका रेषेत आणायची, डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध यायला हवी. मी पुण्यात बसून संगणकावर ड्रॉइंग केलं. खरं सांगतो, फार सुंदर ड्रॉइंग होतं.

भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं तोलली, नवं चाक पावणेदोन किलो जड निघालं. मी ते मनावर घेतलं नाही. खरं तर चाकाच्या कडेला वाढलेलं वजन फसवं असतं. ते गाडीबरोबर पुढे तर जातंच, शिवाय स्वतःभोवती फिरतंही. त्यामुळे वेग घेताना कडेवरचा एक किलो टाकीवर ठेवलेल्या दोन किलोंइतका जड पडतो. म्हणजे इतके पैसे घालून मी गाडी मंदच केली होती. पण दिसायला काय दिसत होती!

आता चाकाच्या पोटात काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हबमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंग असतात. त्या दोघांच्या मध्ये एक नळी असते, तिला आपल्याकडे कॉलर म्हणतात. अॅक्सलचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर येतो आणि तो ही कॉलर झेलते. कॉलर बरोबर मापाची असेल तर चाक बोटाने फिरतं. ती केसभर जरी आखूड असली तरी आतली कडी एकमेकींकडे ओढली जातात, गोळ्या आपल्या खोबणीच्या मधोमध न फिरता काठावर घासू लागतात. मग उष्णता वाढते, ग्रीस जळतं आणि एक दिवस बेअरिंग फुटतं. त्या कॉलरची किंमत चहा-नाश्त्याइतकी. गाडीच्या फोटोत ती कधीच दिसत नाही.

उद्यमनगरात लेथवर एक चाचा आहेत. शाळा सातवीपर्यंत, मशीनवर चाळीस वर्षं. मी ड्रॉइंग दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “चाक कुठंय?”

मी म्हटलं, “चाक पावडर कोटिंगला दिलंय, चाचा. माप ड्रॉइंगवर आहे, शंभरावा भागसुद्धा दिलाय.”

ते म्हणाले, “रंगून येऊ दे. बेअरिंग ठोकून आण. मग मोजून कॉलर कापतो. घाई हाय का?”

मला घाई होती. रविवारी संध्याकाळी पुण्याला परतायचं होतं. आणि मनात, आता लपवत नाही, असंही आलं की ड्रॉइंग वाचता येत नसेल म्हणून चाचा टाळाटाळ करताहेत. मी आग्रह धरला. त्यांनी खांदे उडवले आणि ड्रॉइंगमध्ये होती तेवढीच, अचूक कॉलर कापून दिली. त्यांच्या कामात चूक नव्हती.

चूक माझ्या क्रमात होती. मी आधी मोजलं आणि मग रंगवलं. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. बेअरिंग बसतात ती घरं कोटिंगआधी झाकून घ्यायची असतात, हे मी रंगवाल्याला सांगितलंच नव्हतं. घराच्या भिंती सँडपेपरने घासल्या, बेअरिंग आत गेले, मी खूश. पण तळाच्या टेकूवर दोन्हीकडे थर तसाच राहिला. दोन्ही बेअरिंग एकमेकांपासून थोडे दूर बसले आणि माझी अचूक कॉलर दीड-दोन दशांश मिलिमीटर आखूड पडली.

इथे बसलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच समजेल. टेस्ट पास झाल्यावर मी कोड बदलला आणि टेस्ट पुन्हा चालवलीच नाही. ऑफिसात कुणी असं केलं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

गाडी मी कोल्हापुरात घरीच ठेवली होती. धाकटा भाऊ वायरमन आहे, हातावर पोट. त्याला साताऱ्यात काम मिळालं होतं. मी फोनवर म्हटलं, “घेऊन जा की माझी गाडी, आता तर हायवेवर रेल्वेसारखी चालते.” दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत कराडच्या पुढे मागचं बेअरिंग फुटलं. चाक तिरकं झालं, डिस्क कॅलिपरमध्ये अडकली, चेन उतरली. हेल्मेट होतं आणि मागून ट्रक येत नव्हता. उजवं मनगट आणि खांद्याचं हाड मोडलं. साडेतीन महिने हातात पक्कड धरता आली नाही.

दवाखान्यात त्याने मला विचारलं, “भाई, दोन दिवस मागून घुंऽऽ असा आवाज येत होता. मला वाटलं, मोठ्या टायरचा असेल. तो कशाचा होता?”

मला उत्तर माहीत होतं. मी ते त्याला द्यायला आठ दिवस लावले. अम्मीला तर त्याहून जास्त. या भाषणात लाज वाटावी अशी हीच गोष्ट आहे, कॉलर नव्हे. मी गाडीत काय बदललं, त्यामुळे काय बिघडू शकतं, कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचं, हे गाडी चालवणाऱ्याला मी सांगितलंच नव्हतं. पुढे त्याने एकदाच म्हटलं, “सांगितलं असतंस तर मी एसटी पकडली असती.”

आता इंजिनकडे येतो, कारण चहाच्या वेळी दोघांनी मला ‘ब्लॉक किट’बद्दल विचारलं. अपघात झाला तेव्हा माझ्या कपाटात ६२ मिलिमीटरचा सिलिंडर ब्लॉक आणि पिस्टन तयार पडले होते. मूळ बोअर ५७, स्ट्रोक ५८.७. बोअर ६२ केला की १४९ चे १७७ सीसी होतात. सगळे इथेच थांबतात. पुढची दोन ओळींची आकडेमोड मीही अपघातानंतरच केली. मूळ कॉम्प्रेशन १०.४ ला १. म्हणजे पिस्टन वर आल्यावर साधारण १६ सीसी जागा उरते. हेड तेच ठेवून, सपाट पिस्टन लावून त्याच जागेत १७७ सीसीचं मिश्रण दाबलं, तर कॉम्प्रेशन बाराच्या वर जातं. साध्या पेट्रोलवर चालवायच्या गाडीला ते झेपेलच असं नाही, इंजिन नॉक करू लागतं. शिवाय किती पेट्रोल सोडायचं याचा ईसीयूमधला तक्ता १४९ सीसीसाठी लिहिलेला. हवा वाढली, पेट्रोल त्या मानाने वाढलं नाही, तर मिश्रण कोरडं पडतं आणि पिस्टन तापतो. मग ईसीयू आला, इंजेक्टर आला, रेडिएटर पुरतो का हा प्रश्न आला. ताकद वाढली तर ब्रेक पुरतात का, हाही. एक भाग बदलता येत नाही मित्रांनो, एक आकडा बदलला की सगळी वही बदलावी लागते. मी ते किट विकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी भावाच्या गाडीत ते गेलं असतं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. पुस्तकात १४९ आणि इंजिनात १७७ असेल तर विम्याचा दावाही अडकू शकतो. दंड तुम्ही भराल हो. पण तुमच्या गाडीने रस्त्यावरचा कुणी जखमी झाला, तर त्याचा यात काय दोष?

मग गाडीला हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणणार नाही. हाताने काही करून पाहण्याची ही ओढ मला प्रिय आहे. कंपनीने स्वतः काय केलं ते पाहा. आर१५ च्या पहिल्या आवृत्तीत मागचं स्प्रॉकेट ४२ दात्यांचं होतं, दुसरीत ४७ चं. इंजिनची ताकद १७ पीएसच राहिली, पण चाकावरची ओढ वाढली. मोबदल्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरू लागलं. काय कमावलं आणि काय गमावलं, दोन्ही मोजून केलेला हा बदल आहे. आपण तसं शिकावं. ज्यांना वेगाचीच हौस आहे त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरजवळ कारी इथे ट्रॅक आहेत. पैसे साठवा आणि तिथे जा. रस्त्यावरच्या गाडीसाठी चांगले टायर, ताजे ब्रेक पॅड, नीट ताणलेली चेन, बरोबर हवा एवढं केलंत तरी निम्म्या ‘मॉडिफाय’ गाड्यांपेक्षा तुमची गाडी बरी पळेल.

आणि काहीही बदललंत, तर एवढं करा. मूळ भाग जपून ठेवा. काय बदललं ते तारखेसह वहीत लिहा. शेवटचा हात फिरल्यावर पुन्हा मोजा. पन्नास किलोमीटर स्वतः चालवा, हब हाताला किती गरम लागतो ते पाहा. आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना ती वही त्याला वाचून दाखवा.

माझी आर१५ बाहेर उभी आहे, मूळ चाकांवर. आज ती भाऊच चालवत आला. चाचाही आलेत, ते मागच्या रांगेत बसलेत. त्यांना मी बोलायला सांगितलं तर म्हणाले, “मी बोलत नाही, मोजतो.” त्यांनी वर्निअर आणलाय. जेवणाच्या सुट्टीत ज्यांची चाकं बदललेली आहेत त्यांनी गाडी झाडाखाली आणावी. आपण चाक उचलून हाताने फिरवून बघू. आवाज आला तर लाजू नका, तिथेच खोलू.