अंकी आणि अक्षरी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर तंत्रज्ञानावर दहा मिनिटं बोल." मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी बोलणार आहे तारखेवर. आपण लहानपणापासून वहीच्या कोपऱ्यात लिहीत आलो, ती साधी तारीख. इंजिनिअर झाल्यापासून वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं प्रकल्पांची वेळापत्रकं आखणाऱ्या सॉफ्टवेअरवर गेली. तारखेइतकी गरीब दिसणारी आणि इतका गोंधळ घालणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

दादरकरांना हा गोंधळ समजावणं सोपं आहे. "दादरला एक नंबरवर भेटू" असं सांगून आपण किती जणांना ताटकळत ठेवलंय! कारण एक नंबर दोन होते, पश्चिम रेल्वेचा वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा. दोघंही आपापल्या जागी बरोबर उभे, आणि भेट काही होत नाही. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नवे क्रमांक मिळाले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. फलाट होते तिथेच आहेत. फक्त एका आकड्याचे दोन अर्थ होते, तिथे एक झाला.

तारखेचं अजून तसं झालेलं नाही. ३/४/२०२५ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वर्गमित्राला ती ४ मार्च. आता गणिताच्या तासासारखं मोजू या. दिवस १ ते १२ आणि महिने १ ते १२, अशा वर्षात १४४ तारखा. त्यातल्या ४/४, ९/९ अशा बारा उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत, की जे नुसत्या आकड्यात लिहिले तर दुसराच दिवस होऊ शकतात, आणि तोही अगदी खराखुरा दिवस.

उरलेले २२१ दिवस आपल्याला वाचवतात, असं वाटेल. खरं तर तेच फसवतात. संगणकाचं सेटिंग अमेरिकी असेल आणि एक्सेलमध्ये तुम्ही १३/४/२०२५ लिहिलंत, तर त्याला तेरावा महिना सापडत नाही. तो त्या तारखेला साधा मजकूर समजतो आणि चौकटीच्या डाव्या कडेला ठेवतो. ३/४/२०२५ मात्र त्याला ४ मार्च म्हणून पटते आणि ती उजव्या कडेला जाते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर ती सजावट समजू नका. उजवीकडच्या तारखा उलट्या वाचल्या गेल्या असण्याची दाट शक्यता असते. निव्वळ चूक लगेच सापडते. अर्धी बरोबर यादी महिनोन् महिने खपून जाते.

नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा परिणाम आणखी वाढतो. आपल्या दादरमध्ये पुनर्विकासाची चर्चा नसलेली जुनी इमारत शोधावी लागते, म्हणून तेच उदाहरण घेते. पाया झाल्याशिवाय खांब नाहीत, खांबांशिवाय स्लॅब नाही, अशी कामांची साखळी असते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एखाद्या कामाच्या सुरुवातीची तारीख हाताने टाकली, की 'याच्या आधी सुरू करू नये' अशी अट त्या कामाला चिकटते. पाया ७ ऑगस्टऐवजी ८ जुलैला धरला गेला, की पुढची सगळी साखळी महिनाभर अलीकडे येते. पट्ट्यापट्ट्यांचा तो तक्ता दिसायला मात्र नीटनेटकाच असतो. तो बघून कुणी सामान मागवतं, कुणी भाडेकरूंना जागा सोडायला सांगतं.

पण हे सगळं मी आज का सांगते आहे? आपल्या बॅचमधल्या काही जणांना कारण माहीत आहे. निवृत्त शिक्षकांना दवाखान्यात सोबत करायची आपली पाळी ठरलेली असते, आणि ती एका सामाईक ऑनलाइन तक्त्यात लिहिली जाते. हा तक्ता परदेशातल्या एका मैत्रिणीने मोठ्या मायेने तयार केला. अशा तक्त्यात तारीख कशी वाचायची हे त्या तक्त्याच्या सेटिंगवर ठरतं, लिहिणारा कुठे बसलाय यावर नाही. गेल्या वर्षी आपल्या एका बाईंची डोळ्यांची तपासणी ९ ऑक्टोबरला होती. इथल्या स्वयंसेवकाने ९/१०/२०२४ लिहिलं. तक्त्यातही ९/१०/२०२४ असंच दिसलं. आतमध्ये मात्र ती १० सप्टेंबर झाली होती, आणि तारखेनुसार क्रम लावल्यावर ती नोंद सप्टेंबरच्या पाळीत गेली. सप्टेंबरवाल्याने १० तारखेला बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "आज नाही रे." त्याने तपासणी रद्द झाली असं समजून तशी नोंद केली. ऑक्टोबरवाल्यांच्या यादीत नावच नव्हतं. ९ तारखेला बाई सकाळपासून पर्स मांडीवर घेऊन बसल्या, आणि शेवटी एकट्या टॅक्सीने गेल्या. डोळ्यांत औषध घातल्यावर समोरचं धूसर दिसत असताना एकट्याच परतल्या. त्यांनी कुणालाही बोल लावला नाही. या साखळीत चुकीचं कुणीच वागलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

ही पीडा संगणकाने आणलेली नाही. आपल्याच अंगणातली गोष्ट सांगते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीमच्या खाडीच्या अलीकडे इंग्रज होते आणि पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज. पोर्तुगालने पोप ग्रेगरींची नवी कालगणना १५८२ मध्येच घेतली होती. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेला चिकटून राहिले. त्या काळी दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे होडीने खाडी ओलांडली की तारीख दहा दिवसांनी पुढे! शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, ही जुनी गणना. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जून. आणि आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. दिवस एक, नावं तीन.

तिथीचंही तसंच आहे. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला. उत्तर भारतात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. हंडी एकाच दिवशी फुटते. आकडा किंवा नाव एकटं पुरत नाही. त्यामागचा संकेत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखाच ठाऊक असावा लागतो.

आपल्या वाडवडिलांना हे कळलेलं होतं. जुनी लग्नपत्रिका काढून बघा. वार, मिती, शके, इंग्रजी तारीख, सगळं एकाखाली एक. लहानपणी मला तो पसारा वाटायचा. आता इंजिनिअर म्हणून बघते, तर ती चूक पकडायची उत्तम युक्ती आहे. ३ एप्रिल २०२५ ला गुरुवार होता, ४ मार्चला मंगळवार. शेजारी वार लिहिला असता तर घोटाळा तिथल्या तिथे दिसला असता. धनादेशावरही रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी, असं १८८१ चा कायदा सांगतो. आणि आपला शाळा सोडल्याचा दाखला? त्यावरही जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. अक्षरी लिहिल्याने तारीख खरी होते असं नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीत १ जूनला जन्मलेले किती जण आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे! पण निदान ती सगळीकडे १ जूनच राहते, कुठे ६ जानेवारी होत नाही.

आता उपाय. एक, माणसांसाठी लिहाल तिथे महिना अक्षरी लिहा आणि शेजारी वार लिहा: बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४. दोन, संगणकाने वाचायच्या यादीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-१०-०९. ही आंतरराष्ट्रीय मानक पद्धत, आयएसओ ८६०१. १९८८ मध्ये ठरली. या क्रमाने नुसत्या आकड्यांचा क्रम लावला तरी तारखा ओळीने लागतात. तीन, वर्ष चारही आकडी लिहा. ०५/०६/०७ चे तीन अर्थ निघतात. चार, सामाईक तक्ता उघडलात की पहिल्यांदा त्याचं प्रादेशिक सेटिंग बघा. बाहेरून आलेली यादी एक्सेलमध्ये घेताना 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम आपणहून निवडा. त्याच्या अंदाजावर सोडू नका.

आपल्या सोबतीच्या तक्त्यात आता महिना अक्षरी आहे आणि वाराचा रकाना वेगळा आहे. ज्यांच्याकडे जायचंय त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करायचा, हाही नियम केला आहे, कारण शेवटची खात्री माणसानेच करायची असते. बाहेर टेबलावर पुढच्या तीन महिन्यांची यादी ठेवली आहे. अजून सात जागा रिकाम्या आहेत. जाताना आपलं नाव लिहून जा, आणि तारीख अक्षरी लिहा. बाईंनी वहीत शिकवली होती तशी, सुवाच्य.