एका मिनिटाचा डाव

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, बुद्धिबळावर पाच मिनिटं बोला." पाच मिनिटांत मी हल्ली दोन डाव हरतो!

लहानपणी आमचा एक डाव दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत चाले. आता मोबाईलवर 'बुलेट' नावाचा प्रकार आहे. प्रत्येकाला सबंध डावासाठी १ मिनिट. ४० चाली झाल्या तर एका चालीला दीड सेकंद. घड्याळ संपलं की हरलात, मग पटावर तुमचा वजीर जास्त का असेना. (समोरच्याकडे मात करण्याइतकी मोहरी नसतील, तरच बरोबरी.)

ही गेल्यानंतर मला रात्री झोप लागेना. दोन-दोन वाजेपर्यंत खेळत बसायचो. हरलो की "आणखी एकच". रेटिंग घसरत गेलं आणि ते मनाला फार लागलं. वाटलं, डोकं चालेनासं झालं. मुलालासुद्धा बोललो नाही.

एकदा खाली बाकावर सी विंगमधला आठवीतला मुलगा माझा खेळ बघत होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही स्लो नाही. तुम्ही दरवेळी सुरुवातच नवीन शोधता." खरंच, पहिल्या दहा चालींत माझा निम्मा वेळ जायचा. त्याने पांढऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी एक अशी सुरुवात ठरवून दिली. बँकेत आमचे जुने कॅशियर शंभराचं बंडल बघता बघता मोजायचे. ते घाई कधीच करत नसत, त्यांचा हात बसलेला होता. तसंच हे.

मग महिनाभर त्याने बुलेट बंद करायला लावलं! १० मिनिटांचे डाव, रोज दोन चालींत मात करायची कोडी आणि हरलेला डाव पुन्हा बघणं. हे शेवटचं फार जिवावर येतं. पण बघितल्यावर कळलं की माझा घोडा आणि उंट बहुतेक वेळा फुकट जातात, कारण मागे आधार नसतो.

'प्री-मूव्ह' म्हणजे समोरच्याची चाल येण्याआधीच आपली लावून ठेवायची. मारामारीत उलट मारणं ठरलेलंच असेल, तिथे ती बिनधास्त लावावी. एरवी नको. मी असा एकदा वजीर घालवलाय. आणि आपल्या वयाच्यांनी दर चालीला एक-दोन सेकंद वाढवून मिळणारा डाव निवडावा. अशा घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरने १९८९ मध्ये मिळवलं, त्याचे आपल्यावर उपकारच आहेत.

सलग दोन हरलो की मोबाईल बंद, हा नियम मात्र माझा स्वतःचा. पाळायला सगळ्यात अवघड तोच. अकरा वाजता झोपतो आता.

रेटिंग दीडशेने वाढलंय. त्या मुलाविरुद्ध अजून एकही डाव जिंकलेलो नाही. रविवारी दहा वाजता आम्ही सोसायटी ऑफिसात बसतो, यायचं त्यांनी या. मोबाईल चार्ज करून आणा, तिथलं एक सॉकेट बंद आहे.