समन्स आले, तर तोंड लपवू नका



समजा, बांधावरून दोन भाऊबंदांत मारामारी झाली. एकाचे डोके फुटले. तुम्ही शेजारच्या वावरात होता. तुम्ही सारे डोळ्यांनी पाहिले. पुढे खटला उभा राहिला. एके दिवशी पोलिसाने तुमच्या हातात एक कागद दिला. तो कागद म्हणजे समन्स. अमुक तारखेला कोर्टात साक्षीला या, असा तो हुकूम असतो.

आपण काय करतो? "कशाला कुणाचं वैर घ्यायचं?" असे म्हणतो, आणि कागद फळीवर टाकून देतो. मंडळी, असे करू नका. आता तुम्हाला वाचता येते. कोर्टाचे नाव आणि तारीख स्वतः वाचा.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. समन्स मिळूनही जो मुद्दाम कोर्टात जात नाही, त्याला ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कोर्ट पकडवॉरंटही काढू शकते.

बरं, कोर्टात गेलो, पण शपथच घेतली नाही तर? किंवा विचारल्यावर गप्प बसलो तर? त्यालाही ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शपथेवर खोटे बोलणाऱ्याला तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड.

मग बोलायचे तरी काय? पाहिले ते सांगा. पाहिले नसेल, तर "पाहिलं नाही" म्हणा. खरेच आठवत नसेल, तर "आठवत नाही" म्हणा. हा गुन्हा नव्हे. देवाची शपथ नको असेल, तर खरे सांगण्याची प्रतिज्ञा करता येते. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला मात्र स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. आपल्या राज्यघटनेनेच तसे सांगितले आहे.

आजारी असाल, तर आधी कोर्टाला कळवा. फौजदारी खटल्यात साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. तो मागायला लाजू नका. कुणी धमकी दिली, तर सरकारी वकिलाला सांगा. साक्षीदाराला संरक्षण मागता येते.

न्यायाधीश काही तुमच्या बांधावर नव्हते. तुम्ही होता. आज तुम्ही गप्प बसलात, तर डोके फुटलेल्या माणसाला न्याय कोण देणार? आणि उद्या तुमच्यावर वेळ आली, अन् सारा गाव मुका झाला, तर? विचार करा.