कोळ्याच्या गोष्टी आणि आपले वर्ग

(कल्याण तालुक्यातील केंद्र शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पश्चिम आफ्रिकेतील घाना देशी अकान लोकांच्या कथांत अनान्सी नावाचा एक कोळी आहे. कोळी म्हणजे जाळे विणणारा आठ पायांचा जीव. आपल्या ठाणे जिल्ह्यात हा खुलासा आरंभीच केलेला बरा. एरवी मुलांच्या डोळ्यांपुढे होडी उभी राहते! हा अनान्सी अंगाने दुबळा, खादाड, आणि विलक्षण धूर्त. आकाशदेव न्यामे याच्याजवळच्या सर्व गोष्टी मिळविण्यासाठी त्याने अजगर, बिबळ्या आणि गांधीलमाश्या केवळ युक्तीने पकडून दिल्या, अशी कथा आहे. पुढे गुलाम म्हणून जमैका बेटावर नेलेल्या लोकांनी त्याच्या कथा तेथेही जतन केल्या.

अशा लबाडाच्या गोष्टी पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगाव्यात काय, असे आपणांपैकी काहींनी मला विचारले. ही काळजी खरी आहे. परंतु आपण स्वतः काय ऐकून वाढलो? पंचतंत्रातील ससा सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावतो, तो खोटे बोलूनच. माकड आपले काळीज झाडावर राहिल्याचे मगरीस सांगते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारीही वाघाला चकवते. घरात आणि वर्गात सर्वांहून लहान असलेल्या मुलास या कथांत आपल्याएवढाच कोणी तरी निर्भयपणे उभा राहिलेला दिसतो. त्याचे मन तेथे रमते. निवड मात्र आपण करावी. बलवानाला चकविणारी कथा आणि गरिबाला लुबाडणारी कथा यांना एकच माप लावू नये. अनान्सी स्वार्थापायी स्वतःच फजित होतो, अशाही कथा पुष्कळ आहेत.

गोष्ट संपताच ‘यावरून काय बोध घ्याल?’ असे मी कित्येक वर्षे विचारीत असे. हशा तत्काळ थांबे. दोन-तीन हुशार मुले ठरलेले उत्तर देत, बाकीची खाली पाहत. कथा प्रथम आनंदासाठी सांगावी, असा गिजुभाई बधेका यांचा आग्रह होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले व १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. ही दोन्ही गावे २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. एवढी परंपरा उशाशी असूनही मला शहाणपण उशिरा आले, आणि तेही एका मुलामुळे.

वीटभट्टीवरील एका कुटुंबातील हा मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला. दोन महिने तो एक शब्द बोलला नाही. हजेरीलाही नुसती मान हलवी. एके दिवशी मी अनान्सीच्या मडक्याची गोष्ट सांगत होतो. अनान्सीने जगातील सारे शहाणपण एका मडक्यात कोंबले आणि ते उंच सावरीच्या शेंड्यावर लपवावयाचे ठरविले. मडके पोटाशी बांधून तो चढू लागला. मडके आड येई, पाय घसरत. येथे थांबून मी विचारले, “आता त्याने काय करावे?”

तो मुलगा उठला आणि आपल्या बोलीत म्हणाला, की माझा मामा ताडी काढायला चढतो, तो मडके मागे कमरेला बांधतो. वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “खाली उभ्या असलेल्या अनान्सीच्या पोराने बापाला अगदी हेच सांगितले!”

सारे शहाणपण मडक्यात असताना एवढ्याशा पोराला हे सुचले कसे, या रागाने अनान्सीच्या हातून मडके निसटले, फुटले, आणि शहाणपण चोहीकडे विखुरले. त्या दिवशी मी बोध विचारला नाही. त्या मुलालाच पुढे बोलावून मामा ताडावर कसा चढतो ते सांगावयास लावले. त्यातील निम्मे शब्द मला कळले नाहीत. मुले मात्र हसून हसून त्याला पुढचे विचारीत होती.